मापाची गाडी

कापडाच्या दुकानात ग्राहक आला की आधी माप विचारले जाते, मगच ठाण उलगडले जाते. धान्याच्या दुकानात काटा समतोल झाल्याशिवाय पोते शिवले जात नाही. माप हा व्यापाराचा पाया आहे आणि तो आपल्या घराण्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. असे असूनही पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी मोटारसायकल घरी आणताना आपण तिचा रंग पाहतो, एका लिटरला ती किती धावते हे विचारतो, हप्त्यांचा हिशेब मांडतो आणि हार घालून तिला दारात उभी करतो. ज्याने ती चालवायची त्याच्या पायाचे माप तिच्या उंचीशी जुळते काय, त्याच्या वजनाला तिचे शॉकअप लावलेले आहेत काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. कारखान्यातून गाडी एका सर्वसाधारण माणसाचा अंदाज धरून बाहेर पडते. तो सर्वसाधारण माणूस आपल्या घरात असेलच असे नाही.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत दुकान असलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दुकानाची मोटारसायकल एकच. सकाळी मुलगा तिच्यावरून शिकवणीला जातो. दहा वाजता वडील बाजार समितीत सौद्याला निघतात. दुपारी मुनीमजी वसुलीसाठी कधी लोह्याकडे, कधी चाकूर-अहमदपूरकडे जातात आणि परतताना मागे मालाची गाठ बांधलेली असते. सायंकाळी तीच गाडी सूनबाईंच्या हाती येते. म्हणजे एकाच दिवसात त्या गाडीवर कधी पन्नास किलोचा भार असतो, कधी दीडशेच्या वरचा. चालवणाऱ्यांच्या उंचीत वीतभर फरक असतो. गाडी मात्र खरेदीच्या दिवशी जशी लावून मिळाली तशीच पाच-सात वर्षे धावत राहते. मागच्या शॉकअपवरचे खाचांचे कडे त्या काळात एकदाही फिरलेले नसते. मातीने आणि गंजाने ते जागीच धरून बसते.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली पाठीच्या कण्यात. आपल्या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ता खड्डा नसतानाही लाटांसारखा वरखाली होतो. आता नांदेड आणि लातूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, पण महामार्ग सोडून गावाकडे वळले की जुनी ओळख लगेच पटते. दुसरी किंमत गाडी थांबवताना मोजावी लागते. मोटारसायकल वेगात असताना पाय जमिनीला पुरतात की नाही याला महत्त्व नसते. सिग्नलला, उतारावर, चिखलात किंवा बाजाराच्या गर्दीत ती थांबते तेव्हा सव्वाशे किलोच्या आसपासचे लोखंड एका पायावर तोलायचे असते. ज्याचा पाय नीट टेकत नाही तो उभ्या गाडीसह कलंडतो. अशा पडण्याला अपघात म्हणून कोणी मोजत नाही. पण मनगट आणि घोटा मोडायला तेवढे पुरते. त्याहून मोठी हानी म्हणजे पडलेली व्यक्ती, विशेषतः घरातील मुलगी किंवा सून, पुन्हा गाडीला हात लावत नाही.

हे शॉकअप कोठून येतात, हेही जाणून घेण्यासारखे आहे. त्यांतील कितीतरी आपल्याच मराठवाड्यात घडतात. बजाज ऑटोने १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे आपला कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांची वसाहत वाढत गेली. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी तेथे अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग बनवण्यापासून सुरुवात केली. त्यातूनच पुढे एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी राहिली. दुचाकींचे मागचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनवणाऱ्या देशातील प्रमुख उद्योगांत तिची गणना होते आणि तिचे मुख्यालय आजही वाळूजलाच आहे. आपल्याच विभागातील कामगारांनी घडवलेल्या वस्तूचा पूर्ण उपयोग आपण करून घेत नाही, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

काट्याचा न्याय

शॉकअपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग आणि आत असते ती तेलाची नळी. स्प्रिंग भार पेलते. तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरते. तेल नसते तर गाडी एका खड्ड्यानंतर चार वेळा उडाली असती.

स्प्रिंगचा स्वभाव व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही, कारण रद्दीवाल्याच्या हातातील स्प्रिंगकाटा आपण सर्वांनी पाहिला आहे. जितके वजन तितका ताण, दुप्पट वजनाला दुप्पट ताण. हा नियम इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि काट्यापासून मोटारसायकलपर्यंत सर्व काही त्यावर चालते.

आता समजा, त्या काट्याची स्प्रिंग आधीच पाच किलोइतकी ताणून एका खिळ्याला अडकवून ठेवली. मग पाच किलोपर्यंतचे वजन टांगले तरी काटा हलणार नाही. सहावा किलो टांगला की तो हलू लागेल, आणि त्यानंतर प्रत्येक किलोला पूर्वीइतकाच सरकेल. स्प्रिंग बदलली नाही, तिचा कडकपणाही बदलला नाही. फक्त तिची सुरुवात पुढे ढकलली गेली. मागच्या शॉकअपवरचे खाचांचे कडे नेमके हेच काम करते, फरक इतकाच की येथे स्प्रिंग ताणली न जाता दाबली जाते. कडे वरच्या खाचेवर नेले की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि तेवढ्याच भाराखाली गाडी कमी खचते.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्री विचारतात, “शेठ, शॉकअप टाइट करून देऊ की लूज?” या प्रश्नात थोडी गफलत आहे. कडे फिरवल्याने शॉकअप घट्ट किंवा सैल होत नाही. भार घेतल्यावर गाडी कोणत्या उंचीवर उभी राहील ते ठरते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी आपणच विचारावे, “गाडीवर कोण बसणार आणि मागे किती वजन असणार?”

माणूस बसल्यावर गाडी थोडी खचली पाहिजे, हे अनेकांना पटत नाही. खचणे हा दोष वाटतो. परंतु चाकाला वर जाण्यासाठी जशी जागा लागते तशीच खाली उतरण्यासाठीही लागते. पुढे खड्डा आला तर चाक त्यात उतरून रस्त्याला चिकटून राहिले पाहिजे. ज्या गाडीचे शॉकअप मुळीच खचत नाहीत तिचे चाक खड्ड्यावर अधांतरी राहते, आणि अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. उलट जी गाडी बसताक्षणीच पूर्ण खचते, तिच्याकडे उंचवट्यासाठी काही शिल्लक राहत नाही. गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट कमरेत जातो. व्यापारात सगळे भांडवल मालात अडकवत नाहीत आणि सगळे गल्ल्यातही ठेवत नाहीत. दोन्हीकडे प्रमाणात लागते. येथील प्रमाण असे की रस्त्यावरच्या गाडीत चालक बसल्यावर मागचे चाक आपल्या एकूण चालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतके दबलेले असावे. चाल म्हणजे चाक वर-खाली जाऊ शकते ते पूर्ण अंतर.

टेप घेऊन मोजमाप

हे मोजायला गॅरेजची गरज नाही. शिलाईचा किंवा सुताराचा टेप, कागद-पेन्सिल आणि तीन माणसे पुरतात. रविवारी सकाळी घरच्या घरी हे काम अर्ध्या तासात होते.

गाडी डबल स्टँडवर घ्यावी, म्हणजे मागचे चाक जमिनीपासून सुटते. मागच्या चाकाच्या आसाच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंतचे अंतर मोजावे आणि तेथे चिकटपट्टीची खूण करावी. हे पहिले माप. मग गाडी स्टँडवरून काढून सपाट जागी दोन्ही चाकांवर सरळ उभी धरावी, मागून एकदा हलकेच दाबून सोडावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. हे दुसरे माप. शेवटी चालवणाऱ्याने नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसह, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसावे. एकाने पुढून हँडल धरावे आणि एकाने मोजावे. हे तिसरे माप. पहिल्यातून तिसरे वजा केले की त्या माणसाच्या वजनाने गाडी किती खचते ते कळते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. पहिले माप ५२० मिलिमीटर, दुसरे ५१०. मुलगा बसल्यावर ४९२ भरले, म्हणजे गाडी २८ मिलिमीटर खचली. साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत मागच्या चाकाची चाल शंभर मिलिमीटरच्या आसपास असते; तेव्हा हे प्रमाण योग्य आहे. आता वडील बसले आणि मागे आई बसल्या. माप भरले ४७०. खचणे झाले ५० मिलिमीटर, म्हणजे निम्मी चाल बसल्या जागीच संपली. येथे कडे एक-दोन खाचा वर न्यायला हवे. सूनबाई एकट्या बसल्या आणि माप ५०४ भरले, तर गाडी १६ मिलिमीटरच खचली. म्हणजे कडे त्यांच्यासाठी वर राहिले आहे, ते खाली आणावे. तसे केल्याने गाडीचा धक्का कमी होईल आणि पायही जमिनीच्या थोडे जवळ येतील.

कडे फिरवण्यासाठी वाकड्या नाकाचा पाना गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत बहुधा मिळालेला असतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन, कड्याच्या खाचांतील माती ब्रशने काढून, एका वेळी एकच खाच पुढे किंवा मागे न्यावी. पहिल्या खाचेवरून थेट पाचव्यावर किंवा पाचव्यावरून उलट पहिल्यावर झटक्यात नेऊ नये. त्याने शॉकअप बिघडू शकतो आणि पाना निसटून हाताला इजा होते. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत. उजवा तिसऱ्यावर आणि डावा दुसऱ्यावर असलेली गाडी वळणावर विचित्र वागते. कडे गंजले असेल तर हातोडी मारू नये. गंज सुटण्याचे तेल लावून रात्रभर ठेवावे. मागे एकच शॉकअप असलेल्या गाड्यांत कडे आत दडलेले असते. तेथे हे काम मिस्त्रींकडून करून घेणे बरे.

त्याआधी शॉकअप जिवंत आहे की नाही हे पाहावे. मागून जोरात दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर तेल शाबूत आहे. ती पुन्हा पुन्हा डोलू लागली किंवा दांडीवर तेलाचा ओलावा दिसला, तर कोणत्याही खाचेने उपयोग नाही. शॉकअपची जोडी बदलावी. वायू भरलेले शॉकअप घरी किंवा रस्त्याकडेच्या दुकानात उघडू नयेत, कारण आतला वायू मोठ्या दाबाखाली असतो.

पाय टेकण्याचा प्रश्न

आता मुख्य अडचणीकडे वळू. “गाडी उंच आहे, पाय पुरत नाहीत,” ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक जण त्यावर शॉकअपचाच उपाय शोधतात. परंतु कड्याने मिळणारी उंची फार थोडी असते. पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सीटजवळ फार तर एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडतो. कडे मुख्यतः भारासाठी आहे. उंचीसाठी आधी सीटकडे पाहावे.

सीटची उंची गाडीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. होंडा अ‍ॅक्टिव्हाची ती सुमारे ७६५ मिलिमीटर आहे, हिरो स्प्लेंडर प्लसची ७८५, रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची ८०५. डोंगराळ वाटांसाठी बनवलेल्या हिरो एक्सपल्स २०० फोर व्हीची ८२५, आणि तिच्याच प्रो प्रकाराची तर ८९१ मिलिमीटर. हे आकडे वाचून कमी उंचीची माणसे निराश होतात. पण त्यांचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

आपल्या पायाचे माप असे घ्यावे. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरावी आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ७३० मिलिमीटर भरले आणि गाडी आहे ७८५ ची. तूट दिसते ५५ मिलिमीटरची. पण बसल्यावर गाडी सीटजवळ साधारण वीस मिलिमीटर खचते, आणि पायात वीस मिलिमीटर तळव्याचा बूट असतो. राहिली १५ ची तूट. सीटच्या पुढच्या भागातील फोम २५ मिलिमीटर कमी केला तर तीही भरून निघते आणि दहा मिलिमीटर शिल्लक राहतात. मात्र सीटची रुंदी विसरता कामा नये. मांड्या जितक्या फाकतात तितका पाय आखूड होतो. रुंद सीटवर त्यात सहज तीन सेंटीमीटर जातात. हे जमेस धरले तर टाचा जमिनीपासून दोन सेंटीमीटर वर राहतील आणि चवडे पक्के टेकतील. गाडी सांभाळायला एवढे पुरे आहे.

म्हणून सीटच्या कारागिराकडे जाताना केवळ “सीट खाली करा” असे सांगू नये. “पुढचा भाग अरुंद करा आणि तेवढाच भाग खाली घ्या,” असे सांगावे. मागे बसणाऱ्याचा भाग तसाच ठेवावा. फोम इतका पातळ करू नये की खालची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची बैठक टोचेल. कमी जाडीत घट्ट फोम वापरावा. काही गाड्यांत ही सोय कंपनीच देते. २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० ची सीट ८२५ वरून ८४५ मिलिमीटरवर नेता येते आणि तिच्यासाठी कमी उंचीची वेगळी सीटही मिळते. गाडी घेण्यापूर्वी अशी चौकशी करावी. परदेशात तर हार्ले डेव्हिडसनने २०२१ मध्ये पॅन अमेरिका ही अशी गाडी आणली, जी थांबण्याच्या बेतात आली की आपोआप खाली बसते आणि निघताच पुन्हा वर उठते. चालताना उंची हवी आणि थांबताना पाय टेकले पाहिजेत, ही गरज जगभरच्या चालकांची आहे. आपल्याकडील साध्या गाडीत तेच काम फोम, खाच आणि सवय या तिघांनी करून घ्यायचे असते.

सवय हा यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. थांबताना दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असे नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा, कंबर सीटवर जराशी डावीकडे सरकवावी आणि डावा पाय पूर्ण टेकवावा. एक तळवा पक्का टेकला की गाडी हलत नाही. थांबण्याची जागा आधी हेरावी; डावीकडे खोलगट किंवा खडी असेल तर दोन पावले पुढे थांबावे. ज्या मुलीला गाडी शिकवायची तिला पहिला आठवडा हेच शिकवावे, मोकळ्या मैदानात, पन्नास वेळा थांबून आणि पन्नास वेळा निघून. तिची भीती वेगाची नसते, थांबण्याची असते. ती गेली की बाकीचे ती स्वतःच शिकते.

जे करू नये ते

गाडी झटपट खाली करून देणारे काही उपाय बाजारात सुचवले जातात. त्यांपासून दूर राहावे.

पहिला उपाय स्प्रिंगचे वेढे कापण्याचा. वेढे कमी झाले की स्प्रिंग मऊ होत नाही, उलट अधिक कडक होते, आणि चाकाची चाल घटते. शिवाय कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही. दुसरा उपाय मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या पट्ट्या लांब बसवून गाडी दोन-अडीच इंच खाली आणण्याचा. पाय टेकतात खरे, पण गाडीचे पोट गतिरोधकावर घासते. साइड स्टँड पूर्वीइतकाच लांब राहिल्याने गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे पडते. साखळीचा ताण बदलतो, दोघे बसल्यावर चाक मडगार्डला लागू शकते. मागची बाजूच तेवढी खाली गेल्याने पुढच्या फोर्कचा कल वाढतो, हँडल जड वाटते आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. पुढची बाजूही त्याच प्रमाणात खाली घ्यायची तर फोर्कच्या नळ्या पकडीत वर सरकवाव्या लागतात. त्या दोन्हीकडे मिलिमीटरपर्यंत सारख्या हव्यात. ते जाणत्याचेच काम आहे.

उंच माणसांनी उलट दिशेने हीच चूक करू नये. सहा फुटी मुलगा गुडघे आखडतात म्हणून मागच्या शॉकअपखाली तुकडे घालून गाडी उचलतो. मग साइड स्टँड तोकडा पडतो, गाडी फार कलते, आणि फोर्क उभट झाल्याने वेगात हँडल अस्थिर होते. उंच माणसाने सीटचा फोम वाढवावा आणि हँडल थोडे वर घ्यावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे तत्त्व ठामपणे मांडले आहे. कंपनीने दिलेल्या खाचांत कडे फिरवणे हा असा बदल नव्हे. त्यासाठीच ते दिलेले असते. परंतु सांगाड्याला वेल्डिंग करणे किंवा शॉकअपची बैठक हलवणे ही वेगळी गोष्ट आहे. असे काही करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. विम्याचा दावा नाकारला जाण्याची वेळ आली की हजाराची बचत लाखाला भारी पडते.

वहीतील एक पान

खाच एकदा ठरवून विसरून जाण्याची वस्तू नाही, कारण आपल्या घरात चालक आणि भार दोन्ही बदलतात. यासाठी आपल्याजवळ उत्तम साधन आहे ते वहीचे. गाडीच्या कागदपत्रांसोबत एक छोटी वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येक चालकाचे नाव आणि त्याच्यासाठीची खाच लिहावी. एकट्याने जाताना कोणती, मागे कोणी बसल्यास कोणती, माल बांधल्यास कोणती. शेजारी टायरमधील हवेचा दाब लिहावा. तो गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळा दिलेला असतो. रोज खाच बदलणे शक्य नसेल तर जो सर्वाधिक चालवतो त्याच्यासाठी ती लावावी, आणि दूरच्या फेरीपूर्वी किंवा जड मालाच्या दिवशी तेवढी दोन मिनिटे काढावीत. उंची बदलली की साखळीचा ताणही तपासावा.

मालाच्या दिवसाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मागे गाठ बांधली आणि खाच खालचीच राहिली की गाडीचे शेपूट खाली बसते आणि हेडलाइट वर उचलला जातो. चालवणाऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट झोत पडतो. दिवेलागणीच्या आत घर गाठण्याच्या घाईत निघालेला माणूस थोडा उशीर झाला की नेमका याच अवस्थेत रस्त्यावर असतो. येथे खाच वर घेणे हे केवळ आपल्या कमरेसाठी नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवासाठीही आहे. दुसऱ्याला इजा होणार नाही अशी काळजी घेण्याचा विचार आपल्या घरांत लहानपणापासून शिकवला जातो. तो रस्त्यावरही सोबत असावा.

मागे बसणाऱ्यांचीही आठवण ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे मागच्या व्यक्तीसाठी धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असे संरक्षक साधन असणे आवश्यक आहे. साडी नेसून बसणाऱ्या आईसाठी आणि आजीसाठी ती जाळी किती मोलाची आहे, हे सांगायला नको. गाडी खाली केली असेल तर ही जाळी चाकाला घासत नाही ना, हे दोघांना बसवून पाहावे.

पाडवा अजून दूर असला तरी गाडी घरात उभी आहे आणि टेप दुकानात आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांना अंगणात बोलवावे, प्रत्येकाला एकदा गाडीवर बसवावे आणि तीन मापे घ्यावीत. “मला जमणार नाही,” असे म्हणून गाडीपासून लांब राहिलेल्या मुलीचे किंवा सूनबाईंचे माप सर्वांत आधी घ्यावे. पुष्कळदा असे आढळेल की तिच्या आणि गाडीच्या मध्ये दोन खाचांचे आणि इंचभर फोमचेच अंतर होते.